ई-रीडरवर १७ हजार घालावेत का? मराठी वाचन, स्कॅन पीडीएफ आणि कोकणातला पावसाळा

देवगडची खाडी (प्रश्न)

नमस्कार. घरात वाचणारे दोघे, त्यातले एक सत्तरीतले. वाचन बहुतेक मराठी: कादंबऱ्या, चरित्रं, दिवाळी अंक. शिवाय जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ बऱ्याच उतरवून ठेवल्या आहेत. सध्या हे सगळं साडेसहा इंची फोनवर चालतं. अ‍ॅमेझॉनच्या ई-रीडरपैकी साधं किंडल दहा हजारांच्या आसपास आणि किंडल पेपरव्हाइट सतरा हजारांच्या आसपास दिसतंय.

विचारायचं आहे ते असं. फोन असताना एवढे पैसे घालणं योग्य आहे का? पीडीएफ त्यावर नीट वाचता येतात का? आणि आमच्याकडची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, वरचेवर जाणारी वीज, यात हे यंत्र किती टिकेल? "घ्या, मस्त आहे" एवढ्याच उत्तरापेक्षा काय तपासून ठरवायचं ते सांगितलंत तर बरं होईल.

---

कातळावरचा वाचक

यंत्राची किंमत नंतर बघा. आधी एक कागद घ्या आणि पुढच्या वर्षभरात दोघांनाही खरोखर वाचायची आहेत अशी वीस पुस्तकं लिहून काढा. मग एकेक शोधा आणि समोर खूण करा: किंडलच्या दुकानात आहे, गूगल प्ले बुक्सवर आहे, फक्त बुकगंगासारख्या एखाद्या अ‍ॅपमध्ये आहे, की फक्त छापील. इंग्रजी वाचणाऱ्याला हा खटाटोप लागत नाही, मराठी वाचणाऱ्याला लागतोच. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली. यादी वाढली आहे, पण प्रकाशकागणिक फार फरक पडतो. एकाची जवळजवळ सगळी पुस्तकं सापडतील आणि दुसऱ्याचं एकही नाही.

या खुणांना महत्त्व आहे, कारण एका दुकानातलं पुस्तक दुसऱ्या यंत्रावर चालेलच असं नाही. गूगल प्लेचं कुलूपबंद ईपब (ई-पुस्तकाची फाइल) 'अ‍ॅडोब डिजिटल एडिशन्स'मधून कोबो किंवा पॉकेटबुक या दुसऱ्या कंपन्यांच्या ई-रीडरवर जातं, किंडलवर जात नाही. अ‍ॅपमधलं पुस्तक त्या अ‍ॅपमध्येच उघडतं, म्हणजे त्यासाठी फोन, टॅबलेट किंवा अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक (कागदासारख्या पडद्याचा) रीडर हवा. बूक्ससारखे असे रीडर मिळतात, पण ते महाग असतात आणि त्यांची बॅटरी किंडलइतकी पुरत नाही.

किंडलच्या दुकानात पुस्तक सापडलं तरी लगेच खूण करू नका. खालच्या तपशिलात 'प्रिंट रेप्लिका' लिहिलं असेल तर ती छापील पानांची प्रतिमा असते. अक्षर मोठं करता येत नाही, आणि काही वेळा असं पुस्तक ई-इंक यंत्रावर उघडतच नाही. म्हणून मोफत नमुना फोनवरच्या किंडल अ‍ॅपमध्ये उतरवून अक्षर लहानमोठं करून बघा. ओळी नव्याने जुळल्या तर पुस्तक खरं ई-पुस्तक.

माझा हिशेब असा: विसातली बारा तरी त्या दुकानात अक्षर बदलता येणाऱ्या रूपात असतील तर यंत्र घेण्यात अर्थ आहे. सहा-सातच असतील तर ते यंत्र पुस्तकांवाचून पडून राहील.

पैसे वसूल होण्याचा हिशेब बरेच जण चुकवतात. समजा छापील पुस्तक ३५० रुपयांना आणि ई-आवृत्ती २५० ला. एका पुस्तकामागे वाचले १००. सतरा हजार भरून निघायला १७० पुस्तकं लागतील. दोघांनी मिळून महिन्याला तीन वाचली तरी साडेचार वर्षांहून जास्त. म्हणजे बचतीसाठी हे यंत्र घेऊ नये. घ्यायचं तर डोळ्यांच्या आरामासाठी, मोठ्या अक्षरासाठी आणि पुस्तक मागवल्या मिनिटाला हातात पडतं यासाठी. गावात पुस्तकाचं दुकान नसेल तर या शेवटच्या गोष्टीची किंमत बरीच आहे.

---

वाचनालयाची पायरी

मी उलट बाजूने सांगतो. कोकणात वाचनालयांची परंपरा दांडगी आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, आणि तालुक्यांच्या गावांतूनही जुनी वाचनालयं चालू आहेत. तुमच्या यादीतली छापील-फक्त पुस्तकं तिथे मिळत असतील तर वर्षाच्या वर्गणीत वाचून होतील. वाचनालय जवळ असेल आणि पीडीएफ हा मुख्य मुद्दा नसेल, तर यंत्र आणखी एखादं वर्ष थांबलं तरी काही बिघडत नाही. तोवर फोनवरच महिनाभर ई-पुस्तक वाचून बघा. पुस्तक पूर्ण होतंय आणि त्रास फक्त पडद्याचा होतोय, असं दिसलं तरच पुढे जा. पुस्तकच अर्धवट राहत असेल तर पडदा बदलून ते पूर्ण होणार नाही.

---

डेमी एक अष्टमांश

पीडीएफबद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त निराशा इथेच होते.

मराठी पुस्तक बहुधा डेमी आकाराचं, म्हणजे साधारण १४ × २१.५ सेंटिमीटर. समास काढले तर मजकुराचा चौकोन उरतो सुमारे १०.५ × १७.५. आता पडदे मोजा. सहा इंची पडदा (साधं किंडल) ९ × १२ सेंटिमीटर, सात इंची (२०२४ चं पेपरव्हाइट) १०.७ × १४.२, आणि १०.३ इंची साधारण १५.७ × २१. समास कापून पान अख्खं बसवलं तर सहा इंचीवर मजकूर ७० टक्के होतो, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर साडेआठ पॉइंटच्या खाली येतं. सात इंचीवर ते पावणेदहाच्या आसपास. समास न कापता टाकलं तर याहूनही बारीक. सत्तरीतल्या डोळ्यांना साडेआठ पॉइंटचं देवनागरी जमणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार ओळखतानाच दमछाक होते.

यावर उपाय आहेत. सगळ्यांत सोपा म्हणजे यंत्र आडवं करणं. सात इंची पडद्यावर आडवं पान मूळ आकाराच्या १.३ पटींहून मोठं दिसतं, फक्त एक पान तीन टप्प्यांत वाचावं लागतं. दिवाळी अंक दोन स्तंभी असतो, तिथे मात्र खालीवर करण्यात जीव मेटाकुटीला येतो. अंक वाचायचे असतील तर १०.३ इंचीला पर्याय नाही.

समास आधी संगणकावर कापून घ्यावेत. 'ब्रिस' नावाचं मोफत साधन सगळी सम पानं एकावर एक आणि विषम पानं एकावर एक ठेवून दाखवतं, दोन चौकटी आखल्या की पूर्ण पुस्तक कापून निघतं. मूळ स्कॅन तिरका असेल किंवा एका फोटोत दोन पानं असतील तर त्याआधी 'स्कॅनटेलर'मधून काढा. तिथे पानं वेगळी होतात, सरळ होतात, आणि शेवटी 'काळं-पांढरं' निवडलं की पिवळा कागद आणि डाग जातात. याचा दुसरा फायदा फाइलच्या आकारात. रंगीत स्कॅनची शंभर एमबीहून मोठी फाइल ई-रीडरवर दर पानाला रेंगाळते. काळी-पांढरी केली की ती कितीतरी पटींनी लहान होते आणि पान चटकन उलटतं.

तिसरा उपाय 'के-टू-पीडीएफ-ऑप्ट'. हे साधन शब्द ओळखत नाही, शब्दांची चित्रं कापून नव्या रुंदीत परत मांडतं. देवनागरीला ते चांगलं मानवतं, कारण शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध राहतो. बिघडतं ते दाट छपाईत. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना टेकली की दोन ओळी एक समजून कापल्या जातात. म्हणून आधी दहाच पानांवर चालवून बघा. पुस्तकात तळटिपा किंवा कविता असतील तर हा मार्ग सोडून द्या.

आणखी एक चाचणी आजच करता येईल. पीडीएफ संगणकावर उघडा, एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच निवडलं गेलं नाही तर तो स्कॅन आहे. रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला तर पुस्तक श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे, म्हणजे रूपांतर करायला गेलात तर किंडलवरही तोच गोंधळ दिसणार. मराठी उमटलं, तेही वेलांट्या फारशा न हलता, तरच त्याचं ईपब करण्याच्या नादी लागा.

पण तेवढे कष्ट करण्याआधी पुस्तक तयार स्वरूपात मिळतं का बघा. कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी संपतो, आणि ती मोजणी निधनानंतरच्या १ जानेवारीपासून होते. अशा मुक्त झालेल्यांपैकी काही पुस्तकं मराठी विकिस्रोतावर टंकित रूपात आहेत. तिथून थेट ईपब उतरवता येतं, फॉन्ट आत घालण्याची सोयही आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आणि ई साहित्य प्रतिष्ठान मोफत देतात ती मुख्यतः पीडीएफ, तेव्हा वरचा आकाराचा हिशेब तिथेही लागू.

---

खारं वारं

हवेचं आणि विजेचं मी सांगतो.

ई-इंकचा पडदा म्हणजे अतिसूक्ष्म कुप्यांमध्ये तरंगणारे काळे-पांढरे विद्युतभारित कण. पान उलटताना विद्युतदाबाने ते वरखाली होतात आणि मग जागेवर राहतात. पान स्थिर असताना पडद्याला वीज लागत नाही, खर्च होतो तो उजेडाच्या दिव्यांचा आणि वायफायचा. पण जाहिरातीतले "आठवडे" नीट वाचा. दिवसाला अर्धा तास वाचन, वायफाय बंद, उजेड १३ व्या पायरीवर, असं धरून ते सांगितलेले असतात. साध्या किंडलचे सहा आठवडे म्हणजे २१ तास, २०२४ च्या पेपरव्हाइटचे बारा आठवडे म्हणजे ४२ तास. दोघांनी मिळून दिवसाला तीन तास वाचलं तर अनुक्रमे आठवडाभर आणि दोन आठवडे. तरी फोनच्या मानाने हे फारच चांगलं. बॅटरी दोन हजार एमएएचच्या आतली, म्हणून १०,००० च्या पॉवर बँकेवर तीनदा तरी भरून होते. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, रायगड आणि दापोली-मंडणगडच्या बऱ्याच गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी फोनची बॅटरी फोन करण्यासाठी राखून ठेवता येते, हा फायदा किनाऱ्यावरच्या माणसाला जास्त कळेल.

पाण्याबाबत दोन मॉडेलांत मोठा फरक आहे. साधं किंडल जलरोधक नाही. पेपरव्हाइट आयपीएक्स८ दर्जाचं आहे: गोड्या पाण्यात दोन मीटर खोल एक तास, समुद्राच्या पाण्यात मात्र पाव मीटर आणि तीनच मिनिटं. मिठाची ताकद या दोन आकड्यांतूनच दिसते. खारं पाणी उडालं तर लगेच गोड्या पाण्याने हलकेच धुऊन, कोरड्या फडक्याने टिपून, चार्जिंगचं छिद्र खाली करून वाळू द्या. ओल असताना चार्जर लावलात तर विजेचा प्रवाह आणि मीठ मिळून आतल्या पिना गंजवतात. पाणी आत शिरून मरणाऱ्या यंत्रांपेक्षा याने मरणारी जास्त असतील, असं माझं मत आहे.

वाळूचं वेगळं. आयपीएक्सच्या दर्जात धुळीची परीक्षाच नसते, आकड्याजागी 'एक्स' आहे तो त्यासाठीच. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाईट आणि मॅग्नेटाईट असतं. कव्हर मिटलं की पडदा बंद व्हावा म्हणून कव्हरात लोहचुंबक बसवलेला असतो, तो मॅग्नेटाईटचे कण धरून ठेवतो आणि मिटताना ते पडद्यावर घासतात. पुळणीवर न्यायचंच असेल तर कव्हर काढून, झिपच्या पारदर्शक पिशवीत घालून न्या. पिशवीवरूनही पान उलटतं.

कव्हर घेताना चामड्याचं नको, पावसात बुरशी धरतं. नकली चामड्याचंही नको, त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत दोन-तीन वर्षांत चिकट होऊन सुटतो. सिलिकॉन किंवा टीपीयूचं (लवचीक प्लास्टिकचं) बरं. मिरगाआधी आपण आगोटीची व्यवस्था करतो तेव्हाच घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि वाचून झालं की यंत्र त्यात. पुड्या महिन्याने उन्हात किंवा मंद तव्यावर वाळवून परत वापरता येतात. यंत्र ओलसर असताना डबा बंद करू नका. महिनोन्महिने वापर नसेल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवा. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर पुन्हा उठत नाही.

---

देवगडची खाडी

फारच उपयोगी. दोन शंका राहिल्या. मराठी अक्षर कसं दिसतं? फोनवर काही पुस्तकांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात, 'दर्‍या'ऐवजी 'दर्या' दिसतं, ते खटकतं. आणि वापरलेलं यंत्र अर्ध्या किमतीत मिळतंय, घ्यावं का?

---

जोडाक्षर

अक्षराचा प्रश्न यंत्रापेक्षा पुस्तक कसं तयार केलंय याचा आहे. ल आणि श यांची मराठी वळणं बऱ्याच फॉन्टमध्ये असतात, पण पुस्तकाची भाषा 'मराठी' अशी नोंदवलेली असेल तरच ती पुढे येतात. नोंद हिंदी किंवा इंग्रजी असेल तर हिंदी वळण दिसतं. विकत घेतलेल्या पुस्तकात हे आपल्या हातात नाही, स्वतःच्या ईपबमध्ये आहे. 'कॅलिबर' या संगणकावरच्या मोफत साधनात पुस्तक घ्या, माहितीच्या खिडकीत भाषा मराठी करा, मग पुन्हा ईपब ते ईपब रूपांतर करा म्हणजे नोंद फाइलच्या आत जाते. त्यानंतर 'सेंड टू किंडल' या अ‍ॅमेझॉनच्या सोयीने यंत्रावर पाठवा. ईमेलने ५० एमबीपर्यंत जातं, संकेतस्थळावरून २०० एमबीपर्यंत.

'दर्‍या'चं दुखणं वेगळं. टंकताना र-हलन्ताच्या पुढे 'झिरो विड्थ जॉइनर' हे जोडणीचं अदृश्य चिन्ह असतं. रूपांतर करणाऱ्या एखाद्या साधनाने ते काढून टाकलं की रफार उमटतो. 'ऱ' वापरून टंकलेलं असेल तर हे होत नाही. आपली फाइल असेल तर शोधा-बदला करून 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' करून घ्या.

फॉन्ट आवडला नाही तर किंडल संगणकाला जोडून त्यातल्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल टाका. फॉन्टच्या मेनूत ती दिसू लागते. नोटो सेरिफ देवनागरी, मुक्ता, आयआयटी मुंबईचा शोभिका, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, हे सगळे मोफत आहेत. मोठ्या वयाच्या वाचकासाठी मी मुक्ताची मध्यम जाडी सुचवेन. बारीक रेषांचे फॉन्ट ई-इंकवर फिके पडतात. ओळींतलं अंतर एक पायरी वाढवा, नाहीतर उकार आणि मात्रा दाटतात. २०२४ च्या पेपरव्हाइटला मॅक जोडणार असाल तर फाइल हलवायला वेगळं साधन लागतं, विंडोजवर सरळ दिसतं.

कोबो घेतलंत तर त्यावर 'केओरीडर' हे वाचनाचं मोफत साधन घालता येतं. त्याच्या फॉन्ट मेनूत अक्षरांमधल्या अंतराचं सेटिंग 'बेस्ट' ठेवलं की जोडाक्षरं बरोबर जुळतात, आणि पीडीएफचे समास कापणं, दोन स्तंभ तोडणं तिथल्या तिथे होतं. कोबो इथे बहुधा आयात करून विकणाऱ्यांकडूनच मिळतं, तेव्हा दुरुस्तीची हमी कोण देणार ते आधी लेखी घ्या.

---

कातळावरचा वाचक

वापरलेल्याबद्दल. २०१९ चं साधं किंडल अर्ध्या किमतीतही घेऊ नका. त्याचा पडदा इंचाला १६७ ठिपक्यांचा. इंग्रजीला चालतं, पण 'ष्ट्र', 'द्ध', 'ङ्क' यांच्या बारीक रेषा एकमेकींत मिसळतात. २०२२ पासूनचं साधं किंडल ३०० ठिपक्यांचं आहे. पेपरव्हाइट २०१८ चं असेल तर ३०० ठिपके आणि जलरोधक, पण चार्जिंगचं छिद्र जुनं मायक्रो यूएसबी. किनाऱ्यावर वापरलेलं असेल तर छिद्रात टॉर्च मारून हिरवट-पांढरा थर आहे का बघा, असेल तर परत द्या. २०२१ पासून पेपरव्हाइटला यूएसबी-सी आहे.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून त्याचं खातं समोर काढून घ्या आणि तुमचं जोडून एक मोफत पुस्तक उतरवून बघा. चोरीचं किंवा खातं बंद केलेलं यंत्र याच टप्प्यावर उघडं पडतं. मग उजेड पूर्ण वाढवून कोरं पान बघा: काठाशी गडद डाग किंवा पिवळट पट्टा नको. शेवटी उजेड बंद करून भरल्या पानाकडे तिरकं बघा, उभी-आडवी न हलणारी रेघ दिसली तर पडद्याची आतली काच तडकलेली आहे. पडदा बदलण्याचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो, म्हणून अशा यंत्राला कितीही कमी किंमत सांगितली तरी नको.

नवं मागवलंत तरी खोकं उघडल्या दिवशीच या दोन्ही पडद्याच्या चाचण्या करा आणि खोकं फोडतानाचा व्हिडिओ ठेवा. परत करण्याची मुदत थोडी असते, आणि आमच्या बाजूच्या पिनकोडांवर कुरियर परत न्यायला येईपर्यंत त्यातले काही दिवस जातात. मागवण्याआधी तुमच्या पिनकोडला 'बदलून मिळेल' असं दाखवतंय की नाही तेही बघा. नसेल तर रत्नागिरी, कणकवली किंवा मुंबईच्या एखाद्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवून तिथेच तपासून घेतलेलं बरं.